घर हलविताना : नाजूक वस्तूंची बांधाबांध

उज्जयिनीच्या रामघाटावर पावसाळ्यात क्षिप्रेला पूर आला, की घाटावरची लहान देवळे पाण्याखाली जातात आणि काठच्या वस्तीला सामान उचलण्याची चिंता पडते. अशा वेळी सर्वांआधी काय उचलावे, हे तेथील तीर्थपुरोहितांना सांगावे लागत नाही. त्यांच्या घरी यजमानांच्या वंशावळींच्या वह्या असतात. यात्रेकरूने आपले गाव आणि कूळ सांगितले, की त्याच्या आजोबा-पणजोबांची नावे, कधी कधी त्यांची हस्ताक्षरेही, त्या वह्यांतून निघतात. बाजारात अशा वहीला रद्दीचाच भाव येईल. परंतु ती भिजली किंवा हरवली, तर शेकडो घराण्यांची आठवण तिच्यासह नाहीशी होईल.

उज्जयिनीशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. पुढे 1810 मध्ये दौलतराव शिंदे यांनी आपली राजधानी येथून ग्वाल्हेरला नेली. म्हणजे एका अवघ्या दरबारानेच बिऱ्हाड हलविले. तरीही मराठी कुटुंबे येथे राहिली ती आजतागायत. जुन्या घरातून नव्या वस्तीत जाण्याचा प्रसंग त्यांपैकी एखाद्यावर येतो, तेव्हा देव्हारा, पोथ्या, तसबिरी, चिनी मातीच्या बरण्या असा पिढ्यांचा संसार अरुंद वाटांनी हातोहात बाहेर काढावा लागतो. बांधाबांधीची खरी परीक्षा तेथे होते.

बांधाबांधीस आरंभ करण्यापूर्वी वस्तूंची दोन प्रकारे वाटणी करावी. पुन्हा विकत घेता येतील अशा वस्तू एकीकडे, आणि कोणत्याही किमतीस पुन्हा मिळणार नाहीत अशा दुसरीकडे. सामान्यतः माणूस काचेच्या कपबश्यांना जपतो आणि वडिलांची पत्रे कपड्यांच्या गाठोड्यात कोंबतो. वास्तविक कपबशी फुटली तर बाजारात दुसरी मिळते. यास्तव दुसऱ्या वाटणीतील वस्तू प्रथम, दिवसाउजेडी आणि घरच्या माणसांनी स्वतःच्या हातांनी बांधाव्यात. घाईची शेवटची रात्र त्यांच्या वाट्याला येऊ देऊ नये.

आता वस्तू फुटते ती का, हे पाहू. पेटीला धक्का बसला म्हणजे आतली वस्तू मोकळ्या जागेत सरकते आणि भिंतीवर किंवा शेजारच्या वस्तूवर आदळते. म्हणून पेटीतील मोकळी जागा हीच नाजूक वस्तूची शत्रू होय. कासाराच्या बांगड्या दोरीत घट्ट ओवलेल्या असतात, म्हणून इतक्या नाजूक असूनही गावोगाव सुखरूप हिंडतात; त्याच सुट्या ठेवल्या, तर पहिल्याच खड्ड्यात त्यांचा चुरा होईल. कोकणातला आंबा पेटीत पेंढ्याच्या थरांवर बसतो, त्यामागेही हाच विचार असतो. पेंढा धक्का सोसून घेतो आणि फळाला हलू देत नाही. पेटी भरून झाल्यावर ती अलगद हलवून पाहावी. आतून आवाज आला, तर ती उघडून पुन्हा भरावी.

बश्या आणि ताटल्या एकावर एक आडव्या रचण्याची सवय सोडावी. तशा रचल्यास वरच्या सर्वांचा भार तळच्या बशीवर पडतो. प्रत्येक बशी वेगळी गुंडाळून कडेवर उभी लावावी. तसबिरीही उभ्याच न्याव्यात. काचेवर चिकटपट्टीची फुली मारावी, म्हणजे काच तडकली तरी तुकडे सुटून चित्र फाटणार नाही. लोणच्याच्या बरणीवर झाकणाखाली जाड फडक्याचा दादरा घट्ट बांधावा आणि ती कपड्यांच्या पेटीत चुकूनही ठेवू नये. जड वस्तू तळाशी, हलक्या वर. आणि एका माणसाला सहज उचलता येईल इतकेच वजन एका पेटीत घालावे. मोठी पेटी पुस्तकांनी भरली, की तिचा तळ जिन्यातच निघतो.

भरणीसाठी नवे सामान आणावेच असे नाही. जुनी लुगडी, चादरी, गोधड्या यांनी दोन कामे होतात. त्याही नेल्या जातात आणि काचसामानही राखले जाते. वर्तमानपत्र मात्र चांदीला, संगमरवराला किंवा छायाचित्रांना थेट लावू नये, कारण त्याची शाई उतरते. आधी स्वच्छ मऊ कापड, मग कागद. देव्हाऱ्यातील लहान मूर्ती डब्यात कोरड्या तांदळात बसवल्यास उत्तम. तांदूळ प्रत्येक फटीत शिरतो आणि मूर्तीला जागचे हलू देत नाही.

आता पोथ्या आणि वह्या. जुन्या लोकांनी यांची रीत घालून दिलेलीच आहे. पोथीच्या वर आणि खाली लाकडी फळी, मग सुती कापडाचे वेष्टन, आणि वरून घट्ट दोरी. पेशवे दफ्तरातील कागद ज्या रुमालांत बांधून ठेवले गेले, तेही अशाच सुती कापडाचे. फळीमुळे पाने वाकत नाहीत, आणि सुती कापडातून हवा खेळते. प्लास्टिकच्या पिशवीत कागद दीर्घकाळ बंद राहिला, तर आतला दमट वारा आतच राहतो आणि बुरशी धरते. म्हणून पावसापासून रक्षणासाठी प्लास्टिक घातलेच, तर ते कापडावरून घालावे आणि नव्या घरी पोहोचताच काढावे. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कालांतराने कागद खातो. वही निघण्यापूर्वी तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे. आज हे काम हातातल्या फोननेही होते.

इतके करूनही एखादी वही भिजलीच, तर ती उन्हात टाकू नये आणि चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. पानांमध्ये टीपकागद घालून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवावी. साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. यास्तव विलंब घातक ठरतो.

अखेरीस यादी. प्रत्येक पेटीला क्रमांक द्यावा, आत काय आहे ते वहीत लिहावे आणि त्या यादीची एक प्रत दुसऱ्या माणसाजवळ ठेवावी. पेटीच्या चारही बाजूंस ‘काच’ असे लिहावे, पण ‘दागिने’ असे कोठेही लिहू नये. दागिने, दस्तऐवज आणि वंशावळीची वही मालवाहू गाडीत न घालता घरच्या माणसाने आपल्याबरोबर न्यावीत.

नव्या घरात प्रथम देव प्रवेश करतात, अशी आपल्याकडची पद्धत आहे. देवांच्या मागोमाग त्या घराच्या पूर्वजांची नावेही कोरडी आणि अखंड आत आली, म्हणजे बिऱ्हाड खऱ्या अर्थाने हलले असे म्हणावे.