घाटावरील सुरांसाठी सुवाह्य संगणक

काशीचा मणिकर्णिका घाट म्हटला की डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या अहोरात्र जळणाऱ्या चिता. मराठी मनाचे या घाटाशी जुने नाते आहे. अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केला, आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे बालपणीचे नावही मणिकर्णिकाच. परंतु याच स्मशानभूमीत वर्षातून एकदा घुंगरू वाजतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चैत्र नवरात्रातील सप्तमीला येथील महाश्मशाननाथाच्या शृंगारोत्सवात नगरवधू नृत्य-गायनाची सेवा रुजू करतात. राजा मानसिंगाने मंदिराचा जीर्णोद्धार केला तेव्हा स्मशानात गाण्यास कोणी कलावंत येईना. त्या वेळी नगरवधू पुढे आल्या, अशी आख्यायिका सांगितली जाते.

अशा ठिकाणी चार-पाच जणांच्या मंडळीला सेवा सादर करावयाची असेल, तर ध्वनीची व्यवस्था कशी असावी? घाटापर्यंत मोटार जात नाही. एक तर अरुंद गल्ल्यांतून चालत जावे लागते, नाही तर नावेतून उतरून पायऱ्या चढाव्या लागतात. त्यामुळे सारे साहित्य पाठीवर व हातात मावेल एवढेच हवे. येथे संगणक उपयोगी पडतो. मात्र तो कोठे वापरावा आणि कोठे वापरू नये, याचा विवेक हवा.

संगणकाकडे कोणते काम द्यावे?

तानपुरा नाजूक व अवजड. नदीकाठच्या दमट हवेत आणि उन्हात तो सुरात ठेवणे कठीण. विद्युत तानपुऱ्याची पेटी आपल्याकडे १९७९ च्या सुमारास आली. आता तेच काम लॅपटॉप अधिक सुरेल रीतीने करू शकतो. नृत्यासाठी लागणारा लेहराही त्यातून वाजवता येतो. स्वर न बदलता लय वाढवण्याची सोय असते. तथापि नर्तिकेच्या नजरेचा इशारा संगणकाला कळत नाही. संवादिनीवादक उपलब्ध असेल तर लेहरा त्याच्याकडेच असावा. संगणकावर द्यावाच लागला, तर लय बदलण्यासाठी पायाने दाबावयाचे बटण जोडून घ्यावे.

स्वरांची जुळणी अवश्य तपासावी. पाश्चात्त्य पियानोच्या जुळणीतील गांधार आपल्या शुद्ध गांधारापेक्षा चढा असतो. षड्ज २४० कंपनांचा धरला तर शुद्ध गांधार ३०० कंपनांचा. पियानोचा मात्र सुमारे ३०२.४. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोनांहून अधिक हेलकावे ऐकू येतात आणि गायिकेचा सूर अकारण बेसूर भासतो. म्हणून स्वरजुळणी बदलण्याची सोय असलेलीच प्रणाली निवडावी.

विलंबाचे गणित

संगणक ध्वनी सलग हाताळत नाही. तो ध्वनीचे नमुने घेतो, त्यांचा एक गठ्ठा साठवतो आणि मग पुढे पाठवतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा असेल, तर आवाज आत येताना २१ व बाहेर जाताना २१, असा किमान ४२ मिलिसेकंदांचा विलंब होतो. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा आणि मात्रेत चार बोल असतील, तर दोन बोलांत अंतर असते ६२ मिलिसेकंदांचे. म्हणजे त्या अंतराचा दोन तृतीयांश भाग विलंबातच जातो! गठ्ठा २५६ नमुन्यांचा केला की विलंब ११ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. पावणेचार मीटरवर बसलेल्या साथीदाराचा आवाज कानी पोहोचण्यास एवढाच वेळ लागतो. तो सहज चालून जातो. मात्र गठ्ठा फार लहान केल्यास संगणकाची धांदल उडते आणि आवाजात कडकड येते. बिनतारी ब्लूटूथ ध्वनिवर्धकाचा विलंब याहून पुष्कळ अधिक असतो, म्हणून तो टाळावा.

यावरून एक साधा नियम निघतो : गायिकेचा आवाज व तबला संगणकातून नेऊच नयेत. त्यांचे मायक्रोफोन थेट लहान मिक्सरला जोडावेत. लॅपटॉपमधून बाह्य साउंड कार्डाद्वारे फक्त तानपुरा व लेहरा मिक्सरमध्ये यावा. या दोहोंना आत येण्याचा विलंब नाही. शिवाय संगणक मध्येच बंद पडला तरी गाणे थांबत नाही.

विजेचा ताळेबंद

घाटावर भरवशाची वीजजोडणी मिळेलच असे नाही. लॅपटॉप ४० वॉट, मिक्सर १५ वॉट आणि दोन लहान ध्वनिवर्धक प्रत्येकी सरासरी ५० वॉट धरले, तर एकूण १५५ वॉट. तीन तासांसाठी ४६५ वॉट-तास झाले. रूपांतरातील घट धरून सुमारे ५५० वॉट-तास लागतील. म्हणून ७०० वॉट-तासांचा संच घ्यावा. उरलेला साठा ही आपली गंगाजळी. मात्र १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. महाराष्ट्रातून विमानाने जाणाऱ्यांनी ती वाराणसीतच भाड्याने घ्यावी. सर्व उपकरणे एकाच संचावर चालवल्यास ५० हर्ट्झची ती त्रासदायक गुणगुणही बहुधा टळते.

राख, ऊन आणि गर्दी

येथील हवेत सूक्ष्म राख असते. ती लॅपटॉपच्या पंख्यात व मिक्सरच्या खटक्यांत शिरते. उपकरणे चितांपासून दूर, वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवावीत. मिक्सरवर सुती कापड टाकावे. लॅपटॉपची हवा येण्याची छिद्रे मात्र झाकू नयेत. चैत्रातील दुपारचे ऊन पडद्यावर व यंत्रावर येऊ देऊ नये. कार्यक्रमापूर्वी इंटरनेट, सूचना व आपोआप होणारी अद्ययावतीकरणे बंद करावीत. तानपुऱ्याची ध्वनिफीत मोबाइलमध्येही ठेवावी आणि तो मिक्सरला आधीच जोडून ठेवावा. बँकेत पर्यायी व्यवस्थेची चाचणी आपण अडचण येण्यापूर्वी घेतो. येथेही घरी एकदा लॅपटॉप मुद्दाम बंद करून पाहावा.

शेवटची गोष्ट यंत्राची नव्हे, औचित्याची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत त्यास सामान्यतः बंदी आहे. उत्सवाच्या आयोजकांशी याबाबत आधीच बोलून घ्यावे. परंतु नियमापलीकडेही काही असते. काही पावलांवर कोणी आपल्या पित्याला अग्नी देत असतो. ध्वनिवर्धकांची तोंडे चितांकडे न ठेवता श्रोत्यांकडे वळवावीत आणि आवाज समोर बसलेल्यांना पुरेल एवढाच ठेवावा. लहान संचाचा खरा लाभ हाच आहे : तो उचलण्यास सोपा असतो, आणि हवा तेवढाच वाजवता येतो. मणिकर्णिकेवरील सेवेची परीक्षा आवाज किती दूर गेला यावर होत नाही. गायिकेचा सूर तुटला नाही आणि शेजारच्या शोकाला धक्का लागला नाही, तर संच योग्य जमला असे खुशाल समजावे.