‘सौभद्रा’चा प्रवास

मराठी संगीत नाटकाचा जन्म पुण्यास झाला, असे सर्वत्र सांगण्यात येते. तारखांचा विचार केला तर ते खरेच आहे. ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातच रंगभूमीवर आले आणि ‘संगीत सौभद्रा’चे पहिले तीन अंकही १८ नोव्हेंबर १८८२ रोजी तेथेच झाले. परंतु केवळ पहिल्या प्रयोगाचे गाव लक्षात ठेवले, म्हणजे ज्या प्रदेशांनी या नाटकाला चाली दिल्या, गळे दिले आणि पुढे प्रेक्षक दिले, त्यांचा वाटा हिशेबातून सुटतो. ‘सौभद्रा’च्या बाबतीत तो वाटा लहान नाही.

नाटककार बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली गुर्लहोसूर येथे झाला. हे गाव बेळगावच्या मुलखातले, कानडी बोलणारे. पुढे काही काळ ते बेळगावास शिक्षक होते. कानडीचा संस्कार त्यांच्यावर बाळपणापासून होता आणि तो त्यांच्या पदांतून ऐकू येतो. योगायोग असा की, त्याच १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले आणि त्याची प्रेरणाही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांपासूनच मिळाली होती. दोन्ही वेळा वारा दक्षिणेकडूनच आला.

भावे यांच्या नाटकांत पदे मुख्यतः सूत्रधार गात असे. पात्रे त्याच्या अनुरोधाने अभिनय करीत. किर्लोस्करांनी पद पात्राच्याच तोंडी घातले. सुभद्रेची व्याकुळता आता सुभद्राच गाऊ लागली. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे आहेत. त्यांच्या चाली एका घराण्याच्या नव्हेत. कीर्तनातील साकी-दिंडी, स्त्रियांची गीते, लावणी, हिंदुस्थानी राग आणि कानडी चाली यांचा तो मेळ आहे. त्यामुळे कोणत्याही गावच्या श्रोत्याला त्यात काही ना काही ओळखीचे सापडे. कथाही महाभारताच्या आदिपर्वातील, आधीच ठाऊक असलेली. आणि कृष्ण, बलराम, रुक्मिणी ही मंडळी बोलतात, रुसतात ती मात्र एखाद्या सुखवस्तू मराठी कुटुंबातील माणसांप्रमाणे. फिरत्या मंडळीला याहून सोयीचे नाटक कोणते मिळणार?

चाली मिळाल्या, तरी सुभद्रेला गळा हवा होता. तो बडोद्याने दिला. १८६३ साली बडोद्यास जन्मलेले भाऊराव कोल्हटकर यांचा आवाज अण्णासाहेबांच्या ध्यानी आला आणि १८८२ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. बाळकोबा नाटेकर आणि मोरोबा वाघुलीकर यांच्यासारखे कसलेले गायक मंडळीत होतेच; परंतु भाऊरावांच्या उंच, चपळ आवाजाने प्रेक्षक वेडे झाले. ते मोठ्या गवयाचे गंडाबंध शागीर्द नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. नाट्यपदाची गायकी बैठकीच्या गायकीहून वेगळी का झाली, याचे एक उत्तर त्यात आहे.

मग मंडळीचे फिरणे सुरू झाले. बिऱ्हाड, पडदे, पेट्या, तबला-सारंगी असा सारा संसार बरोबर घेऊन एका गावी मुक्काम करायचा, ठरलेली नाटके आलटून पालटून लावायची, की पुढचे गाव. प्रयोग रात्र रात्र चालत. ‘वन्समोअर’च्या आरोळीने एकेक पद वाढत जाई आणि कथानक बिचारे विंगेत ताटकळत उभे राही. हा दोष खराच; पण त्या आरोळ्यांतूनच कोणते पद लोकांना हवे, हे नटांना उमगत गेले.

अण्णासाहेब १८८५ साली वारले आणि भाऊराव १९०१ साली. तरी ‘सौभद्र’ थांबले नाही. ते एका मंडळीचे राहिलेच नाही. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९१३ साली बाहेर पडले, तेव्हा हे नाटक त्यांच्या गंधर्व मंडळीबरोबरही निघाले. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श १९०८ साली हुबळीस स्थापन झाली होती. १९२१ साली या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी ‘मानापमाना’चा गाजलेला संयुक्त प्रयोग केला आणि त्यापाठोपाठ ‘सौभद्र’ही एकत्र केले. गोमंतकातील मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळीत वाढले. १९१८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह काढलेल्या मंडळीला ‘बळवंत’ हे नाव दिले, ते अण्णासाहेबांच्या स्मरणार्थ.

बोलपट आला, कर्जे वाढली, मंडळ्या एकामागून एक मोडल्या. त्यांच्याबरोबर बिऱ्हाडे आणि पडदेही गेले. ‘सौभद्र’ मात्र हौशी मंडळांच्या हाती आले. त्याची बरीच पदे आता गाळली जातात आणि रात्रभराचा खेळ तीन-चार तासांवर आला आहे. तरी गोव्यात देवळाच्या उत्सवात गावातलीच माणसे तोंडाला रंग लावून ते उभे करीत आली आहेत. तेथे नारद प्रवेश करतो, तेव्हा त्याचे पद पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनाही पाठ असते, आणि चाल जरा चुकली की त्यांच्या माना हलतात.