पाणपक्ष्यांची छायाचित्रे

पुण्याहून सोलापूरकडे जाताना सुमारे शंभर किलोमीटरांवर भिगवण हे गाव लागते. भीमा नदीवर उजनी येथे १९८० मध्ये धरण पुरे झाले आणि त्याच्या मागे साठलेले पाणी भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या गावांपर्यंत पसरले. शेते बुडाली, गावे उठली, बाभळी पाण्यातच वाळून गेल्या. त्या वाळक्या फांद्यांवर आता पाणकावळे पंख पसरून उन्हात बसतात. हिवाळा सरत आला की पाणी हळूहळू ओसरते व काठचा चिखल उघडा पडतो. या उथळ पाण्यात रोहित, चित्रबलाक, शेकाट्या, चक्रवाक अशा नाना पक्ष्यांचा मेळा भरतो, आणि तो पाहावयास गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसेही येतात. मीही त्यांतलाच एक.

पक्ष्याचे छायाचित्र घेणे म्हणजे कळ दाबणे, असे तुम्हांला वाटत असेल. खरी अडचण कळ दाबण्यापूर्वीच असते. पक्षी जवळ येऊ देत नाही. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये एका पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये घरट्यांच्या छायाचित्रांनी सजलेले एक पुस्तक काढले. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल बनविला होता. त्या बैलाच्या पोटात, जड कॅमेऱ्यासह, वाकून उभे राहावयाचे! उजनीच्या पाण्यावर अशा बैलाची गरज पडत नाही. येथील कोळ्यांच्या होड्या पक्षी रोज पाहतात. जाळे टाकणाऱ्या होडीला ते भीत नाहीत. भितात ते अंगावर चालून येणाऱ्या होडीला.

हे मला एका वृद्ध नावाड्याने शिकविले. पहिल्याच खेपेस आमच्यासमोर दोनशेक रोहित पक्षी माना पाण्यात घालून उभे होते. रोहित पक्ष्याची चोच मध्येच वाकलेली असते. ती उलटी धरून तो चिखलमिश्रित पाणी आत ओढतो व चोचीतील चाळणीने बारीक जीव आणि शेवाळ गाळून घेतो. उभ्या पक्ष्याचे अंग पांढरट दिसते. पंख उघडले म्हणजेच आतील तांबडा रंग झळकतो. तो रंग मला हवा होता.

"मामा, होडी थोडी पुढे घ्या ना. उडतील तर फोटो छान येईल," मी म्हणालो.

मामांनी वल्हे आडवे ठेवले. "न्हाई साहेब. त्येंचं जेवण चाललंय. उठवलं की लांब जात्यात, आन् रोज उठवलं की येतच न्हाईत. तुमी बसा गप. त्ये आपल्या मनानं उडतील तवा घ्या."

मला राग आला, हे कबूल करतो. परंतु मामांचे बोलणे खरे होते. रोहितासारख्या जड पक्ष्याला उडण्यापूर्वी पाण्यावरून बरेच अंतर धावावे लागते, आणि त्यात त्याची पुष्कळ शक्ती खर्च होते. आम्ही दीड तास बसून राहिलो. मग आकाशात एक दलदल ससाणा दिसला आणि थवा आपोआप उठला. त्या वेळी मी मामांकडे पाहत होतो, हा भाग निराळा.

आता प्रकाशाविषयी. सकाळचे पहिले दोन तास सर्वांत चांगले. ऊन तिरपे असते, पिसांचा पोत उठून दिसतो आणि पक्ष्याच्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका चमकतो. तो ठिपका नसेल तर पक्षी पेंढा भरल्यासारखा वाटतो. सूर्य आपल्या पाठीमागे ठेवावा, आणि होडीत शक्य तितके खाली बसून कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ आणावा, म्हणजे पक्षी आपल्या डोळ्यांसमोर येतो. ऊन चढले की पाण्यावरील हवा थरथरू लागते; मग कितीही मोलाची लेन्स असली तरी दूरचा पक्षी पुसट येतो. उडणाऱ्या पक्ष्याचे पंख स्थिर दिसावयास हवे असतील तर कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या २००० व्या भागापुरतीच उघडावी लागते.

पांढऱ्या बगळ्याइतका फसवा विषय दुसरा नाही. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक, समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरतो. काळसर पाण्यात एक लहानसा बगळा उभा असला म्हणजे मापकाला वाटते, येथे अंधार फार. तो प्रकाश अधिक घेतो आणि बगळ्याच्या जागी पांढरा डाग उरतो. म्हणून अशा वेळी प्रकाश हाताने कमी करावा. चकाकत्या पाण्यातील काळ्या पाणकावळ्याच्या बाबतीत नेमके उलट. तेथे प्रकाश वाढवावा लागतो. काळोखे राहिलेले चित्र मागाहून काहीसे उजळता येते, मात्र त्यात दाणे दिसू लागतात. जेथे पांढरा रंग पूर्णपणे जळून गेला, तेथील पिसे संगणकालाही परत आणता येत नाहीत, कारण ती नोंदलीच गेलेली नसतात.

पूर्वी फिल्म काळोख्या खोलीत धुवावी लागे. आता हे काम संगणकावर होते. जेपेग नावाच्या नेहमीच्या फाइलमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. रॉ, म्हणजे कच्च्या, फाइलमध्ये पुष्कळ कॅमेरे १६,३८४ पायऱ्या नोंदवितात. साहजिकच कच्च्या फाइलमधून छटा अधिक काढता येतात. प्रथम क्षितिज सरळ करावे. ते कलले असेल तर तळ्यातील पाणी एका बाजूने सांडेल असे वाटते. मग कडा कातराव्यात, पण पक्षी ज्या दिशेने पाहतो तिकडे मोकळी जागा ठेवावी. रंग तपासावयास बगळ्याची सावलीतील पिसे उपयोगी पडतात. ती फार निळी झाली असतील तर थोडी ऊब द्यावी. पहाटेचा सोनेरी रंग मात्र पुसू नये. तो त्या वेळी तेथे होताच.

येथवर सारे सोपे आहे. यापुढे मोह सुरू होतो. रोहिताचा गुलाबी रंग त्याच्या अन्नातील रंगद्रव्यांतून येतो. पिल्ले करडी असतात आणि मोठी होता होता काही वर्षांनी रंगतात. संगणकावरील रंगाची पट्टी जरा सरकविली की करडे पिल्लूही गुलाबी होते. चित्र सुंदर दिसते, आणि थव्यात पिल्ले किती, हे मोजू पाहणारा अभ्यासक फसतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शेवटच्या फेरीसाठी मूळ फाइल मागतात, ती उगाच नव्हे.

मी स्वतः रंग कधी बदलला नाही. माझ्या हातून त्याहून मोठी चूक झाली. एका जानेवारीत काठच्या गवतात पट्टकदंबांचा थवा चरत होता. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे राजहंसासारखे पक्षी मंगोलिया, तिबेट या प्रदेशांतून हिमालय ओलांडून येतात. एकाच्या मानेभोवती रंगीत कडे होते. मला वाटले, कोठला तरी प्लॅस्टिकचा कचरा अडकला आहे. घरी आल्यावर मी ते कडे चित्रातून सफाईने पुसले, मान पूर्ववत रंगविली आणि जागा अडते म्हणून मूळ फाइलही काढून टाकली. चित्र भिंतीवर लागले.

काही महिन्यांनी घरी आलेल्या एका पक्षिअभ्यासक बाईंना मी ते कौतुकाने दाखविले व कड्याची गोष्टही सांगितली. त्या एकदम गंभीर झाल्या. मंगोलियात संशोधक पट्टकदंबांच्या मानेत अशी कडी घालतात आणि त्यांवर अक्षरे असतात, असे त्यांनी सांगितले. ती अक्षरे कळविली की तो पक्षी कोणत्या सरोवरावर व कोणत्या वर्षी पकडला होता, याचा पत्ता लागतो.

"अक्षरे कोणती होती? निदान रंग?" त्यांनी विचारले.

रंग हिरवा होता, असे मला वाटते. खात्रीने सांगता येत नाही. पुढील हिवाळ्यात पट्टकदंब पुन्हा आले, तेव्हा मी मामांच्या होडीत बसून भिंगातून एकेक मान पाहिली. सत्तावीस पक्षी होते. कडे कोणाच्याही गळ्यात नव्हते.