रे रोडचे लोखंड आणि कॅमेऱ्यातील काच

रे रोड स्थानकाच्या छताला आधार देणारे लोखंडी खांब छायाचित्रकाराला फारसे छळत नाहीत. व्ह्यूफाइंडरच्या मध्यावरील दुभंगलेले वर्तुळ खांबाच्या उभ्या कडेवर आणले, की कडेचे वरचे व खालचे तुकडे सरकत सरकत जुळतात आणि लेन्सची कडी फिरवणारा हात थांबतो. स्थानकाजवळच्या दारूखान्यात मात्र (नावातील दारू बंदुकीची, हे जुन्या मुंबईकरांस सांगावयास नको) हेच वर्तुळ अडचण ठरते. मोडीत निघालेल्या जहाजांचे वाकलेले पत्रे, साखळ्या, गंजाचे पापुद्रे यांत सरळ कड शोधायची कुठे?

फोकस हाताने जुळवणाऱ्याचा सारा भरवसा या फोकसिंग स्क्रीनवर असतो. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या काळी काळ्या कापडाखाली डोके घालून घासलेल्या काचेवर उलटी प्रतिमा न्याहाळावी लागे. तीच काच पुढे आरशाच्या कॅमेऱ्यात शिरली. १९५९ च्या निकॉन एफमध्ये ती कामाप्रमाणे बदलता येऊ लागली.

निवडीत मोठी चूक होते ती एका समजुतीपायी: दुभंगलेली प्रतिमा दाखवणारी स्क्रीन सर्वांत अचूक, म्हणून सर्वांत उत्तम. तिच्यातील दोन चिमुकले लोलक लेन्सच्या परस्परविरुद्ध कडांकडून येणारा प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचवतात. लेन्सचे सर्वांत मोठे छिद्रच एफ/५.६ एवढे लहान असेल, तर त्या कडांचा प्रकाश मिळतच नाही आणि वर्तुळाचा एक अर्ध काळवंडतो. स्वस्त झूम लेन्स लावून सायंकाळी फलाटावर उभा राहिलेला हौशी छायाचित्रकार तेव्हा उगाच आपल्या दृष्टीला दोष देतो. एफ/१.८ किंवा एफ/२ ची ५० मिलिमीटर लेन्स असेल, तर मात्र ही स्क्रीन खरोखर कामाची. आडवी चीर उभ्या कडेलाच दाद देते. आडव्या तुळईसाठी कॅमेरा क्षणभर तिरपा धरावा.

दारूखान्यातील लोखंडासाठी साधी मॅट काच अधिक बरी. तीत कुठेही फोकस पाहता येतो, विषय मध्यावर आणण्याची सक्ती नसते. निकॉन एफएम२ साठी अशी बी२, तर जोडीला चौकटीच्या रेघा असलेली ई२ मिळते. स्थानकाची दगडी भिंत सरळ टिपावयाची असेल, तर ई२ च घ्यावी.

डिजिटल कॅमेऱ्यांची गोष्ट थोडी फसवी. त्यांच्या मूळ स्क्रीन मंद लेन्सलाही उजळ दिसाव्यात अशा घडवलेल्या असतात, परिणामी एफ/१.४ ची खरी धूसरता त्यांत पूर्ण दिसतच नाही. डोळ्याला स्पष्ट भासलेला चेहरा छायाचित्रात पुसट निघतो. कॅनन ६डी साठी ईजी-एस ही बारीक पोताची स्क्रीन याचकरिता आहे, ती एफ/२.८ वा त्याहून उजळ लेन्सवरच शोभते, इतरांवर व्ह्यूफाइंडर अंधारतो. बसवल्यावर कॅमेऱ्यातील स्क्रीनची नोंद बदलावी, अन्यथा प्रकाशमापन चुकते.

स्क्रीन चिमट्यानेच काढावी, बोट लावू नये. तिच्यावरील धूळ छायाचित्रात उतरत नाही, म्हणून ती पुसण्याच्या फंदात ओरखडा पाडून घेऊ नये. दुसऱ्या कॅमेऱ्याची काच कापून बसवली असल्यास जाडीतील किंचित फरकही फोकस बिघडवतो. वर्तमानपत्र तिरपे ठेवावे, छिद्र पूर्ण उघडावे, मधल्या एका ओळीवर फोकस करावा आणि छायाचित्रात तीच ओळ सर्वांत स्पष्ट आली आहे का, ते पाहावे.