दादाचे मीठ

आमच्या घरी आकाशकंदील विकत आणण्याची पद्धत नाही. तो दादा करतो. बांबूच्या काड्या, घरी शिजवलेली खळ, पतंगाचा कागद आणि खाली झिरमिळ्या. लहानपणी त्याच्या हातच्या झिरमिळ्या इतक्या एकसारख्या असत की वाड्यातल्या बायका हात लावून पाहावयाच्या. आता सांगाडा दादा बांधतो आणि कातरकाम त्याची मुलगी करते; कारण दादाचा हात कापतो. फार नाही. चहाची बशी ओठाशी नेताना पाहणाऱ्याच्या लक्षात यावे, इतकाच.

यंदा नवरात्र संपताच कंदिलाचे सामान निघाले आणि कागद कापता कापता भाचीने मला विचारले, "आत्या, बाबांचा हात त्या गोळ्यांनीच कापतो ना? मग ते त्या सोडत का नाहीत?"

पोरगी अकरावीला, शास्त्रशाखेत. मी तिला प्राध्यापकी थाटाचे काहीतरी उत्तर दिले. ते तिला पटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर मलाही पटले नाही. म्हणून हा लेख. मी मराठी शिकवते. औषधशास्त्राशी माझा संबंध दादाच्या फायलीपुरता. परंतु ती फाईल पंचवीसहून अधिक वर्षांची आहे, आणि तिच्यातले एकही पान मी न वाचता ठेवलेले नाही.

दादाच्या गोळीत लिथियम कार्बोनेट असते. लिथियम हा धातू सोडियम-पोटॅशियमच्या भावकीतला. 1817 साली तो स्वीडनमधल्या एका खनिजात सापडला आणि दगडात सापडला म्हणून दगडाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. म्हणजे दादा रोज रात्री खातो ते एक प्रकारचे मीठच. कोणा कारखान्याने जुळवून तयार केलेला हा रेणू नव्हे. एके काळी अमेरिकेत सेव्हन-अप नावाच्या पेयात ते घालीत असत, आणि लोक ते हौसेने पीत.

हे मीठ आमच्या घरात कसे आले ते सांगते. 1997 च्या दिवाळीत दादा बावीस वर्षांचा होता. वसुबारसेपासून तो झोपला नाही. आम्हांला वाटले, हौस आहे. धनत्रयोदशीपर्यंत त्याने वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडासाठी एक, असे चौदा कंदील केले. लोकांनी कौतुक केले. आईचा तर ऊर भरून आला. पाडव्याला कळले की बाबांनी विश्वासाने सही करून ठेवलेल्या कोऱ्या चेकवर त्याने एका छापखान्याचा बयाणा देऊन टाकला आहे. निवृत्तीनंतरची पुंजी होती ती. विचारायला गेलो तो शब्दांचा धबधबा; एक वाक्य पुरे होण्याआधी तिसरे सुरू. बाबांनी खांद्यावर हात ठेवला तर त्याने त्यांच्यावर हात उगारला. भाऊबीजेला मी निरांजन लावून बसले होते आणि समोरचा पाट रिकामा होता.

पौषात तोच दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. आंघोळ नाही, जेवण नाही, बोलणे नाही. फेब्रुवारीतल्या एका रात्री दोन पोलीस त्याला धरणाच्या भिंतीवरून घरी घेऊन आले. आईने त्यांना चहा केला. त्या रात्रीचे मला एवढेच आठवते की चहात साखर घालायची राहिली होती आणि कोणी काही बोलले नाही.

मनोविकारतज्ज्ञांनी आजाराला नाव दिले: द्विध्रुवी विकार. कधी उन्माद, कधी खिन्नता. दोन्ही टोकांच्या मधे काही काळ साधे माणूस. गोळी सुरू झाली, आणि दोन-अडीच महिन्यांत दादा परत दादा झाला.

या गोळीचा शोध वाचला तेव्हा मला नवल वाटले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळ जॉन केड नावाचे एक डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात साडेतीन वर्षे चांगीच्या छावणीत जपान्यांचे कैदी. सुटल्यावर त्यांनी इस्पितळाच्या एका न वापरलेल्या कोठीत गिनिपिग पाळून प्रयोग मांडले. एका वेगळ्याच कल्पनेच्या मागे असताना त्यांनी लिथियमचे क्षार टोचले, तर प्राणी शांत होऊन पडले. पुढे अनेकांचे मत झाले की ते प्राणी शांत झाले नव्हते, विषबाधेने सुस्त पडले होते! पण केड यांनी आधी स्वतः ते क्षार घेऊन पाहिले, मग 1948 साली पाच वर्षे अखंड उन्मादात असलेल्या एका एकावन्न वर्षांच्या रुग्णाला दिले. काही महिन्यांत तो माणूस घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. 1949 मध्ये केड यांनी आपल्या दहा उन्मादी रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली.

गोष्ट येथे संपती तर ती चमत्काराची गोष्ट झाली असती. त्या पहिल्या रुग्णाने घरी गेल्यावर औषध सोडले, उन्माद उलटला, औषध पुन्हा सुरू झाले, आणि 1950 साली त्याच औषधाच्या विषबाधेने तो मरण पावला. ज्या वर्षी केड यांचा लेख आला त्याच वर्षी अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांना साध्या मिठाऐवजी लिथियमचे मीठ ताटात वाढण्याची टूम निघाली होती. कोणी मापले नाही, कोणी मोजले नाही. माणसे दगावली आणि ते मीठ बाजारातून उठले.

सुटका झाली ती मोजणीने. 1951 साली मेलबर्नच्याच नोअॅक आणि ट्राउटनर यांनी शंभराहून अधिक रुग्णांना लिथियम देताना रक्तातले त्याचे प्रमाण मोजण्याचा पायंडा घातला. हे प्रमाण साधारणपणे 0.6 ते 1.0 च्या दरम्यान असावे लागते. खाली गेले तर गुण नाही. 1.5 च्या पुढे गेले तर उलट्या, जुलाब, जड जीभ, झोक जाणे. 2 च्या पुढे जिवावर बेतते. गुण आणि घात यांत इतके थोडे अंतर असलेली औषधे फार नाहीत. मला विचाराल तर दादाला वाचविणारी गोष्ट केवळ लिथियम नव्हे. लिथियम आणि रक्ताची तपासणी, ही जोडी.

डेन्मार्कच्या मोगेन्स स्कौ यांचे नाव मी येथे मुद्दाम घेते. 1954 साली त्यांनी या औषधाची पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध केली. त्यांचा स्वतःचा भाऊ वारंवार खिन्नतेने पछाडलेला असे, आणि लिथियमने तो सावरला. लंडनच्या काही विद्वानांनी मात्र हे सारे थोतांड ठरविले. भावावर माया करणारा माणूस तटस्थ कसा राहील, असा त्यांचा रोख. (प्रश्न गैर नव्हता, तो मलाही लागू आहे.) तेव्हा 1970 मध्ये स्कौ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कठोर कसोटी लावली. बरे असलेल्या रुग्णांपैकी काहींना, त्यांना वा तपासणाऱ्यांना कळू न देता, खोटी गोळी दिली. खोटी गोळी मिळालेल्यांत सुमारे निम्मे जण पाच महिन्यांच्या आत पुन्हा आजारी पडले. खरी गोळी चालू असलेल्यांत एकही नाही.

आता तागडीची दुसरी बाजू. हात कापतो, तहान फार लागते, वजन वाढते. थायरॉइड मंदावते, दादाला त्याचीही गोळी आहे. आणि वर्षानुवर्षांनी मूत्रपिंडांना झीज लागू शकते. आत्महत्येचे प्रमाण लिथियमने कमी होते असे पुष्कळ अभ्यासांत दिसले, पण 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत तो फरक दिसला नाही, हेही भाचीला सांगितले पाहिजे.

शिवाय या औषधाचा स्वयंपाकघराशी संबंध आहे, आणि ते गृहिणींनी नीट ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शरीरात मीठ-पाणी कमी पडले की मूत्रपिंडे मीठ राखून धरतात, आणि त्याच्याबरोबर लिथियमही. मग त्याच गोळीचे रक्तातले प्रमाण चढते. म्हणून दादाला निर्जळी उपवास नाही. एकाएकी अळणी जेवणही नाही. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या की घरगुती उपायांत वेळ न घालविता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गुडघा दुखला म्हणून शेजाऱ्याच्या डबीतली आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅकची गोळी तोंडात टाकायची नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही तसेच. आईने एकदा भक्तिभावाने त्याच्याकडून कडक एकादशी करविली आणि तिसऱ्या दिवशी त्याची पावले वाकडी पडू लागली. त्यानंतर आईने त्याच्या वाटच्याही एकादशा स्वतःच केल्या.

पण आमच्या हातून झालेली खरी चूक ती नव्हे. 2003 साली दादाचे लग्न ठरले. पाच वर्षे तो उत्तम होता. मुलीकडच्यांना सांगावे की नाही यावर घरात आठवडाभर खल झाला आणि न सांगण्याचे ठरले. मग प्रश्न आला गोळ्यांचा. नव्या नवरीसमोर रोज रात्री गोळी घेणार कशी? एका नातेवाइकांनी तोड काढली: आता बराच आहे, बंद करा, फार तर एखादे आयुर्वेदिक काढ्याचे औषध ठेवा, त्याला काही दुष्परिणाम नसतो. आम्ही मान डोलावली. मी सुद्धा. तेव्हा मी एम.ए. झालेली होते.

येथे जरा आडवळण घेते, कारण "आपल्या औषधाला दुष्परिणाम नसतो" हे वाक्य मी अजूनही ऐकते. सर्पगंधा ही आपलीच वनस्पती. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब यांवर तिचा गुण शास्त्रीय नियतकालिकात मांडला. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील आपला अनुभव इंग्लंडच्या हृदयविकारविषयक पत्रिकेत छापला आणि जगाचे लक्ष वेधले. 1957 साली त्यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. तिच्यातून काढलेले रेसर्पिन हे मनोविकारांवरच्या पहिल्या आधुनिक औषधांपैकी एक. आणि ते मागे का पडले? रक्तदाब फार उतरे, आणि काही रुग्णांत घोर खिन्नता आल्याच्या नोंदी होत. मुळी आपली म्हणून ती सौम्य, असे काही नाही. ज्याच्यात गुण करण्याची ताकद आहे त्याच्यात बिघडविण्याचीही असायचीच.

लग्नानंतर चौथ्या महिन्यात उन्माद आला. लिथियम एकदम तोडले की तो उसळून येण्याचा धोका अधिक असतो, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, कारण आम्ही कोणाला विचारले नव्हते. दादाची नोकरी गेली. वहिनी माहेरी गेली, आणि दीड महिन्याने आपण होऊन परत आली. तिने आईबाबांसमोर एवढेच म्हटले, "आधी सांगितले असते तर मी होकार दिला असता की नाही, ठाऊक नाही. पण मला विचारायला हवे होते." त्या दिवसापासून दादाची फाईल तिच्याकडे आहे. मी फक्त वाचते.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले की आपल्या देशात या आजाराच्या दर दहा रुग्णांपैकी सात जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत. त्यातले किती जण आमच्यासारख्या सुशिक्षित घरांत आणि एखाद्या ठरलेल्या लग्नाच्या आड असतील, असे माझ्या मनात येते.

आणि आता भाचीच्या प्रश्नाचा खरा भाग. 2023 मध्ये दादाच्या रक्तातले क्रिएटिनिन चढू लागले. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचे म्हणणे, शक्य तर बंद करा. मनोविकाराच्या डॉक्टरांचे म्हणणे, इतकी वर्षे लागू पडलेले औषध घाईने सोडू नका. व्हॅल्प्रोएटसारखी दुसरी औषधे आहेत, पण ती त्याला तितकी मानवतील याची हमी नाही, आणि त्यांचेही आपले दोष आहेतच. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. वहिनी गप्प होती. मी फायलीतले आकडे मांडू लागले तेव्हा दादाने मला थांबविले.

"हे बघ," तो म्हणाला, "मूत्रपिंड बिघडले तर मला कळेल. दुखेल, सुजेल, रक्तात दिसेल. मी स्वतः डॉक्टरकडे जाईन. तो दुसरा आजार आला की तुम्हां सगळ्यांना कळते, मला एकट्याला कळत नाही. मला ज्याच्याशी बोलता येते तो आजार मी पत्करीन."

इतकी वर्षे आम्ही त्याच्यासाठी तागडी धरली होती, आणि कोणत्या पारड्यात काय आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसून मधला मार्ग काढला. मात्रा कमी, तीही रात्री एकदाच. दर दोन महिन्यांनी लिथियम आणि क्रिएटिनिन दोन्ही तपासायचे. एका ठरावीक आकड्यापुढे क्रिएटिनिन गेले तर औषध हळूहळू बदलायचे. तो आकडा दादाने स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटविला आहे. अक्षर कापरे आहे, पण वाचता येते.

हे सारे मी भाचीला परवा सांगितले. 2003 सालचेही सांगितले. वहिनीने मानेनेच होकार दिला. पोरगी बराच वेळ कात्री चालवीत राहिली. मग म्हणाली, "मागच्या वेळी आकडा किती होता?"

"0.58."

"आणि आता कधी?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तास व्हावे लागतात. दादा नऊला गोळी घेतो, तेव्हा तपासणीचा माणूस सकाळी नऊला येईल. त्या दिवशी कॉलेजला सुटीच आहे, मी असेन घरी, असे भाचीने सांगितले आणि कापलेल्या झिरमिळ्या दादापुढे सरकवल्या. त्या दोन ठिकाणी कमी-जास्त झाल्या होत्या. दादाने खळीची वाटी ओढली आणि त्या तशाच लावल्या.