जिथे टँकर येत नाही

नौदलाचे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची बोट घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि कुठल्याही बंदराला न लागता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईला परतले. त्याच पाच महिन्यांत जालना जिल्हा भीषण दुष्काळाने होरपळत होता. मोसंबीच्या बागा वाळल्या होत्या आणि गावोगाव टँकरची वाट पाहिली जात होती. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही त्या शेजारी ठेवून वाचाव्यात असे मला वाटते. लांब पल्ल्याच्या सागरी प्रवासाचे आणि शर्यतीचे यश वाऱ्याइतकेच बोटीवरच्या साठ्याच्या रोजच्या हिशेबावर ठरते, आणि त्या हिशेबाची गरज जालन्याइतकी फार थोड्या जिल्ह्यांना असेल.

पुरावा पाहायचा तर एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या पहिल्याच शर्यतीपासून पाहावा. १९६८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण उतरले आणि एकच जण ती पुरी करू शकला. ते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईत सागवानात बांधलेली होती आणि वेगवान मुळीच नव्हती. दक्षिण महासागरात शिरताच एका लाटेने बोट आडवी झाली, टाकीतले पिण्याचे पाणी खराब झाले, पुढे रेडिओही बंद पडला. पावसाचे पाणी धरत आणि मोडलेले दुरुस्त करत ३१२ दिवसांनी ते फाल्मथला पोहोचले. तीच शर्यत जुन्या पद्धतीने, उपग्रहाच्या मदतीविना, सेक्स्टंट आणि कागदी नकाशांवर २०१८ पासून पुन्हा भरू लागली. त्या वर्षी टॉमी यांच्या गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ची डोलकाठी वादळात मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. २०२२ मध्ये ते पुन्हा उतरले. निघालेल्या सोळांपैकी तिघांनीच मुख्य गटात शर्यत पूर्ण केली. त्यात टॉमी २३६ दिवसांत दुसरे आले. वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणू-यंत्राची पाती मोडत गेली, तेव्हा त्यांनी शौचालयाचे दार कापून नवे पाते केले होते.

अशा प्रवासातला दिवस जवळून पाहिला तर त्यात थरार कमी आणि घरकाम जास्त दिसते. एकट्या खलाशाला सलग झोप मिळत नाही. गजर लावून थोडे झोपायचे, उठून वारा, दिशा आणि आसपासची जहाजे पाहायची, पुन्हा आडवे व्हायचे. भांडी समुद्राच्या पाण्याने धुतात, भातातही थोडे खारे पाणी घालतात. पावसाची सर आली की मोठ्या शिडाच्या खालच्या कडेशी, डोलकाठीजवळ बादली टांगतात. पहिले पाणी शिडावरचे मीठ घेऊन येते, म्हणून ते सोडून द्यायचे. चव गोड लागली की मगच कॅनमध्ये भरायचे. छतावरचे पाणी साठवणाऱ्यालाही पहिला पाऊस असाच सोडून द्यावा लागतो. ‘म्हादेई’च्या परतीच्या टप्प्यात गोड्या पाण्यात डिझेल मिसळल्याचे आढळले, आणि उरलेल्या थोड्याशा पाण्यावर व पावसावर टॉमींना भागवावे लागले.

यावर पहिला आक्षेप असा, की हा पैसेवाल्यांचा खेळ. शिवाय आता खाऱ्या पाण्याचे गोडे करणारी यंत्रे आली आहेत. यंत्रे आली हे खरे, पण ती विजेवर चालतात आणि बोटीवर विजेचीही मोजदाद असते. म्हणजे हिशेब सुटत नाही, त्याचे खाते तेवढे बदलते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: खलाशाची टंचाई स्वतःहून पत्करलेली, जालन्याच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा लादलेला. हे पूर्णपणे मान्य करावे लागेल. दोघांच्या कष्टांची बरोबरी करणे अन्यायाचे ठरेल. पण खलाशाला आपल्या टाकीत किती पाणी आहे हे ठाऊक असते. गावाला बहुधा ते ठाऊक नसते, आणि खरा अन्याय इथून सुरू होतो.

ज्या गावाने हे जाणून घेतले त्याचे उदाहरण जालना तालुक्यातच आहे. कडवंचीत १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने इंडो-जर्मन पाणलोटाचे काम झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, शेततळी आली आणि २०१२ च्या दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागा तगल्या. मात्र शेततळे म्हणजेच उपाय असे मानणे घातक आहे. विहीर उपसून प्लास्टिक अंथरलेले तळे भरणारा शेतकरी सगळ्यांच्या टाकीतले पाणी स्वतःच्या टाकीत ओढतो. बोटीवर असे कुणी केले तर सगळेच बुडतील.

पावसाळा संपतो आणि रब्बीची पेरणी सुरू होते. वर्षाचा साठा ठरण्याची वेळ हीच. आपल्या गावातल्या विहिरींची पातळी मोजा, तिचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून घ्या आणि कोणते पीक किती घ्यायचे हे त्या आकड्याकडे पाहून ग्रामसभेत ठरवा.