एका वॉशरखाली दोन मॅनिफोल्ड

सकाळी थंड ट्रॅक्स सुरू केली की बॉनेटखालून टिकटिक येते आणि गाडी घाटाला लागेपर्यंत ती टिकटिक थांबते. बहुतेक जण टॅपेट वाजतंय म्हणून सेटिंग करून घेतात. पैसे जातात, आवाज राहतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं ओतीव लोखंड तापून फुगलं की जळालेल्या गॅस्केटची फट तेवढ्यापुरती मिटते, म्हणून टिकटिक थांबते. खात्री करायची तर हेड आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा पट्टा आहे का बघावं.

पश्चिम महाराष्ट्रात वडापच्या, म्हणजे माणसं भरून खेपा मारण्याच्या धंद्याला ज्या गाड्यांनी पोसलं, त्यात आकुर्डीच्या कंपनीच्या ट्रॅक्सचा मान मोठा. ही कंपनी १९५८ सालची बजाज टेम्पो, २००५ पासून फोर्स मोटर्स. जुन्या ट्रॅक्समधलं इंजिन मात्र मर्सिडीजचं, ओएम ६१६. चार सिलिंडर, २४०४ सीसी. १९७३ साली ते २४०डी या मोटारीत आलं आणि जर्मनीतल्या टॅक्सीवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. आपल्याकडे त्याच्या नशिबी बॉनेटपासून टपापर्यंत माणसं आली, तरी ते कुरकुरलं नाही. याच कुळातलं २.६ लिटरचं टर्बो इंजिन फोर्सच्या २०१३ च्या गुरखा गाडीत बसलं.

या इंजिनाची एक खोड आहे. हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा, दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला. गॅस्केट दोघांना मिळून एकच. नटाखाली जाड वॉशर असतो, त्याचं अर्धं अंग इनटेकच्या कडेवर आणि अर्धं एक्झॉस्टच्या कडेवर टेकतं. एका नटात दोन कामं, जर्मन काटकसर! पण एक्झॉस्ट वाकला म्हणून तो एकटाच फेसिंगला पाठवला, तर त्याची कड पातळ होते, वॉशर तिरका बसतो आणि दाब सगळा इनटेकवर पडतो. नवं गॅस्केट मग महिनाभरात पुन्हा फुंकतं आणि शिव्या गॅस्केटवाल्याला बसतात. शहाणा मिस्त्री दोन्ही कडांची जाडी जुळवून घेतो.

गॅस्केट बदलणं हे या कामातलं सोपं काम. खरी कसोटी स्टडची. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन नट स्टडशी एकजीव झालेला असतो, आणि कडेचे स्टड आधी दगा देतात, कारण लांब मॅनिफोल्डची टोकंच जास्त सरकतात. पावसाळ्यात ओढ्यात घातलेल्या गाडीत तर तापल्या लोखंडावर थंड पाणी पडून तडाही जातो. रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, सकाळी पाना लावून आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. पाना एकदम मऊ पडला की समजावं, स्टड पिळवटतोय. तिथं थांबून गॅसची ज्योत नटावर फिरवायची. तरी मोडलाच, तर उरलेल्या खुंटावर नवा नट वेल्ड करतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंजाची पकड सुटते आणि खुंट आट्यांसकट बाहेर येतो. ड्रिल हा शेवटचा उपाय, कारण ते जरा सरकलं की हेडचे आटे गेले.

हे मी लिहितोय सिंगापूरच्या वन-नॉर्थमधून. इथे गाडी बाळगण्याचा परवाना दहा वर्षांचा. पुढे वाढवायचा तर पुन्हा रक्कम मोजा. नव्या डिझेल मोटारींची नोंदणी १ जानेवारी २०२५ पासून बंदच झाली. हवेसाठी ते बरंच आहे, डिझेलच्या धुराची भलामण मी करणार नाही. पण ज्या गावात गाडी म्हातारी होऊ देत नाहीत, तिथल्या पोराला खुंटावर नट वेल्ड करायला कोण शिकवणार? तसे हात कराड-साताऱ्याच्या गॅरेजांत घडतात.

परत त्या कामाकडे. जोडणी करताना हेडचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करायचा, सपाट पट्टी लावून खाली फिलर गेज शिरतो का बघायचं. नट मधल्यापासून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे; सोडताना याच्या उलट. आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं तर पुढचा मिस्त्री दुवा देईल. इंजिन तापवून पूर्ण गार झालं की नट पुन्हा तपासायचे, कारण नवं गॅस्केट पहिल्या तापात दबतं. तेवढ्यासाठी एक खेप बुडवून गाडी गॅरेजवर परत आणणारा वडापवाला मात्र विरळा.